आमचा माणूस

“अजून थोडा वर घ्या!” शिडीवरचा माणूस ओरडला आणि समोरच्या सुपरमार्केटच्या भिंतीवर धाकट्या साडूचा भलामोठा हसरा फोटो चढला. खाली ठळक अक्षरं: ‘आम्ही तुमचं ऐकलं. हा आमचा माणूस!’

रस्त्याच्या अलीकडे, आपल्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभा राहून दुकानदार ते बघत होता.

गेल्याच महिन्यात या सुपरमार्केटविरुद्ध सभा झाली होती. माल पुरवणारे म्हणाले, कंपनी आम्हाला पिळून काढते. गावातले किराणावाले म्हणाले, कंपनी आमच्या पोटावर पाय देते. सगळ्यांत मोठा आवाज या दुकानदाराचा, आणि त्याच्या मागोमाग अंडी पुरवणाऱ्या त्याच्या या साडूचा. त्या सगळ्या आरडाओरड्याला कंपनीने दिलेलं उत्तर आता भिंतीवर दात काढून हसत होतं.

फितुरीची चीड आली असती तर चारचौघांत शोभून तरी दिसलं असतं. पण दुकानदाराच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. भाषण आपलं, घसा आपला बसला, आणि भिंतीवर कोण, तर हा! कंपनीचा फोन आपल्यालाही येईल म्हणून तो आंघोळीलासुद्धा मोबाइल घेऊन जात होता. आला की बाणेदारपणे नकार द्यायचा, हेही ठरलं होतं. पण नकार द्यायला आधी कुणी विचारायला तर हवं!

“साडू छान दिसतायत हो,” गिऱ्हाइकं मुद्दाम म्हणत.

“दात दिसतायत,” तो म्हणे.

संध्याकाळी साडू नेहमीसारखा अंड्यांचे ट्रे घेऊन आला. खाली बघतच म्हणाला, “दादा, उद्यापासून सगळी अंडी त्यांनाच द्यायची ठरलीयत. म्हणून आज जरा जास्त आणली.”

“मोठा माणूस झालास बाबा. फोटोही अगदी झकास काढून घेतलास.”

“काढून कसला घेतोय! त्यांनी हसरा मागितला. माझा हसरा एकच निघाला. सभेच्या दिवशी तुम्ही त्यांच्या मॅनेजरची नक्कल केलीत ना, तेव्हाचा.”

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, “अहो, त्याच्या खांद्यावरचा हात तुमचाच की! मी सकाळीच ओळखला. बाहीचं तपकिरी बटण मीच लावलंय, पांढरं मिळेना म्हणून.”

दुकानदाराने वर पाहिलं. खरंच, खांद्यावर त्याचा हात होता. मनगटामागे बाहीचा तुकडा, तपकिरी बटण, आणि तिथून पुढे त्याला कापून टाकलं होतं. दिवसभर जळण्याच्या नादात त्याला तो दिसलाच नव्हता.

“काढायला सांगू का त्यांना?” साडूने विचारलं.

“राहू दे. हात काढायला जातील आणि तुझा खांदा घालवतील.”

साडू हसला नाही. रिकामे ट्रे उचलून तो निघून गेला.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाई अंडी न्यायला आल्या. बोर्डाकडे बघत म्हणाल्या, “खांद्यावर हात कुणाचा हो तो?”

दुकानदार अंडी कागदात गुंडाळत होता. तोच सभेतला पांढरा शर्ट आज त्याच्या अंगावर होता.

“असेल कुणातरी त्यांच्याच माणसाचा,” तो म्हणाला, आणि पुडी बांधण्याआधी त्याने बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या.