सगळ्या पानांवर मी एकटीच

मी एक चौकट बोलतेय. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. वेबसाइटच्या पानावर वरच्या बाजूला 'सूचना' लिहिलेली पिवळी पट्टी असते ना, जिच्यावरून तुमची नजर घसरून सरळ खाली जाते, ती मी. वाईट वाटत नाही आता. सवय झाली.

घर विटांचं, तशी वेबसाइट आमच्यासारख्या चौकटींची. एकीत मथळा, एकीत फोटो, एकीत बटण. आम्हाला उचलायचं, हवं तिथे ठेवायचं, आत मजकूर भरायचा की झालं पान. माझा जन्म इलोइलो शहरात, दिवीनाच्या भाड्याच्या खोलीत झाला. ती वेबसाइटी बनवायची, एका हातात सियोपाव, म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव, धरून दुसऱ्या हाताने. हा पिवळा रंग तिने मला फार विचार करून दिला असेल, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग कळलं, रंगांच्या डब्यात पहिला तोच होता.

तिथून मी समुद्रापलीकडच्या बेटावर, बोटवाल्यांच्या संस्थेत नांदायला आले. बेटाला धक्के पुष्कळ, आणि प्रत्येक धक्क्याच्या बोटींचं वेगळं पान. मी मात्र सगळ्या पानांवर एकटीच. जाऊ त्या घरी तीच सून म्हणा ना!

संस्थेचं ऑफिस सान रोकेच्या धक्क्यावर, आणि ऑफिस म्हणजे मनांग पेर्ला. मनांग म्हणजे ताई. बेटावरचे निम्मे लोक तिला तेच म्हणतात. दिवीनाने तिला शेजारी बसवून शिकवलं.

"मनांग, नीट ऐका हं. ही पिवळी सगळीकडे एकच आहे. एका पानावर बदललीत की सगळ्या पानांवर बदलते. एकाच धक्क्याचं काही असेल तर नवी चौकट घ्यायची, हिला हात लावायचा नाही."

"हो हो. इंदय, पोरी, तू जेवलीस का पण? किती वाळलीस!"

माणसं 'हो हो' असं जोडीने म्हणतात तेव्हा त्यांनी काही ऐकलेलं नसतं.

माझा संसार सुरू झाला. वादळ आलं, बोटी बंद. फिएस्ता म्हणजे गावजत्रा आली, जादा बोटी. लाइफ जॅकेट घाला. डुक्कर वर न्यायचं असेल तर आधी सांगा. वाचत कोणी नव्हतं. लोक मला समोर उघडून ठेवायचे आणि मनांगला फोन लावायचे, "मनांग, बोट आहे का हो?" ख्रिसमसच्या शुभेच्छा माझ्या अंगावर मे महिन्यापर्यंत होत्या. कोणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे सप्टेंबरपासून तो परत सुरूच होतो.

मग मनांगचा नवरा वारला. मुलगी मारिविक सौदीत नर्स. तिला रजा मिळाली नाही, मातीला येता आलं नाही. मनांगने वर्षभर काळे कपडे घातले. वर्ष भरलं की प्रार्थना होते, घरच्या माणसाच्या हाताने काळं उतरतं, रंगीत कपडे घालायचे, सगळ्यांनी जेवायचं. मनांगने सांगून ठेवलं होतं, "माझं काळं मारिविकच उतरवणार. त्या दिवशी तरी तिला यायलाच हवं." मारिविकला या वेळी रजा मिळाली. त्याच दिवशी दुपारी ती इलोइलोला उतरणार आणि बोटीने येणार, असं ठरलं.

त्या सकाळी बुलानावच्या धक्क्याच्या बोटीचं इंजिन बसलं. मनांग ऑफिसात घाईघाईत आली. घरी पान्सितच्या शेवयांची कढई चढलेली, तोंडात तांदळाच्या बिबिंका केकचा तुकडा. तिने बुलानावचं पान उघडलं आणि माझ्यात लिहिलं, 'आज दुपारपासून बोट नाही.' यंत्रणेने बिचारीने विचारलंसुद्धा, ही चौकट इतर पानांवरही आहे, सगळीकडे बदलू का? मनांगने न वाचता 'होय' दाबलं. न वाचता 'होय' दाबण्यात माणसांचा हात कोणी धरणार नाही.

झालं. अख्ख्या बेटाच्या बोटी मी एका फटक्यात बंद केल्या.

दुपारची बोट सान रोकेला लागली. कप्तान तातय इस्को खाली उतरला. मागे फक्त दोन कोंबड्या आणि त्यांची मालकीण.

"पेर्ला, आज काय शहरातली माणसं मेली की काय सगळी?"

"मारिविक कुठाय?"

"कोण मारिविक? मी वारा भरून आणलाय."

कोंबडीवाली म्हणाली, "अहो, तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय, बोट नाही म्हणून. मी म्हटलं, तरी जाऊन बघू."

मनांग तशीच वळली. मग धावत ऑफिसात आली. लेकीला फोन लावावा तर सौदीचं सिम इथे बंद. मारिविकने मनांगच्या भाचीच्या फोनवर काही कळवलं असेल, तर तो फोन घरी भांड्यांच्या ढिगात कुठेतरी. मनांगने एकेक पान उघडलं. प्रत्येक पानावर मी, आणि माझ्यावर तेच वाक्य.

"तुला कोणी कुत्रं वाचत नाही," ती मला म्हणाली, "आणि नेमकं माझ्या पोरीने वाचलं!"

वाचणारच. आईने लिहिलेलं होतं ना.

मनांगने डोळे पुसले, मला पुसलं आणि लिहिलं, 'मारिविक, बोट आहे. बुलानाव सोडून सगळ्या आहेत. शेवटची पाचला. तू येईपर्यंत मी काळं उतरवत नाही. ये. - नानय.' नानय म्हणजे आई. या वेळी 'होय' तिने नीट वाचून दाबलं.

मारिविक बाजारापाशी बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, खानावळीत बॅगांवर बसून तिथल्या वायफायवर दर थोड्या वेळाने मलाच उघडत होती. मी बदललेली दिसताच ती वाडगा तसाच टाकून उठली. आणि गंमत बघा, त्या दिवशी मला सगळ्यांनी वाचलं. शहराच्या धक्क्यावर जी पोरगी दिसेल तिला लोक विचारत होते, "तू मारिविक का गं?" बोटीत पाय ठेवता ठेवता तिला तीन बायकांनी झापलं, "आई थांबलीय तिकडे, आणि तू आत्ता येतेस?"

प्रार्थना थांबली होती, पान्सित गार झालं होतं, पाहुणे कुरकुरत होते. मारिविकने आईच्या खांद्यावरून काळा झगा उतरवला. आत मनांगने आधीच फुलाफुलांचा घातलेला होता. दोघी आधी हसल्या, मग रडल्या. हे मला मनांगनेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, खुर्चीत बसून. म्हणजे सांगत होती फोनवर दिवीनाला, पण समोर स्क्रीनवर मी होते.

"मग आता हे पुसू का, मनांग?" दिवीनाने विचारलं.

"असू दे गं."

तेव्हापासून हे माझ्यावर असंच आहे. आता संस्था फेसबुकवर गेली. वेळापत्रकं जुनी झाली, फोटोतल्या दोन बोटी भंगारात गेल्या. मीही दमलेय हो. एकच वाक्य इतकी वर्षं धरून उभं राहणं सोपं नसतं. दिवीना म्हणते, या साइटला आता काही अर्थ नाही, बंद करून टाकू. तिचं चूक नाही.

फक्त एक सांगते. अधूनमधून एखाद्या शुक्रवारी, तिकडे सौदीत सुट्टी असते त्या दिवशी, कोणीतरी लांबून हे पान उघडतं. वेळापत्रक बघत नाही, बटण दाबत नाही. माझ्यापाशी थोडा वेळ थांबतं आणि जातं.

तिला या पानावर यावंसं वाटतं तोवर मला राहू द्या. मग खुशाल पुसा.