मागचा खांदा

“हात काढतोय गो वैनी! परत हात काढतोय!” गोजर मागून ओरडला.

“काय मांगतो बघ.”

“बोलता कुठं येतंय त्याला? बांबूकडं हात करतो नुसता.”

सकुबाई पुढं होती. बांबू खांद्यावर, पाठ नवऱ्याकडं. बांबूला घोंगडीची झोळी आणि झोळीत पाय दुमडून बसवलेला धाऊ. वाट वळणांची, आडवं निजवून नेलं असतं तर वळताच आलं नसतं. सकाळी गोठ्यात पडला तेव्हापासून त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. पाड्यातले पुरुष वीटभट्टीवर गेलेले. उरला होता शेजारचा गोजर. खाली शेणव्याच्या रस्त्याला जीप मिळाली, तर शहापूरचा दवाखाना.

मिळाली तर.

झोळी टेकवली. सकुबाईनं पाणी पाजलं. ते हनुवटीवरून छातीवर गेलं. धाऊचा चालता हात पुन्हा वर आला, गाठ चाचपू लागला, गाठ धरून मागं ओढू लागला.

“पडशील ना अशानं!” सकुबाईनं लुगड्याचा काठ फाडला आणि तो हात त्याच्या छातीशी बांधून टाकला. “गप बस आता. पोचलोच.”

उचललं. फार जड लागलं तिला. माणूस जड असतो, ती मनात म्हणाली.

*

समजा, एक दांडा आहे. त्याला दोन आधार आहेत, अ आणि ब. मध्ये कुठं तरी एक भार टांगला आहे. दांड्याला स्वतःचं वजन नाही, असं गृहीत धरा.

सारिकाला तेच जमेना. धाऊ-सकुबाईची ही एकुलती मुलगी, मुरबाडकडच्या एका तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. बांबूला वजन नाही? ओला बांबू खांद्यावर घेऊन बघा म्हणावं.

पण सर एक वाक्य बोलले ते तिला आवडलं. वस्तू हलत नाही म्हणजे तिच्यावर जोर नाही, असं नव्हे. जोर सगळे आहेत. एकमेकांना पुरे पडताहेत, इतकंच.

दिवाळीत घरी आल्यावर तिनं ते बाला सांगितलं. धाऊ तंबाखू मळत हसला. “म्हंजे तुझी आय नि मी भांडून गप बसतो, तसं.”

“मी कदी भांडते?” चुलीजवळून.

“बघ, हललं.”

*

शोधा: अ वर किती, ब वर किती.

घरातलं सगळं त्याच बांबूवरून गेलं. भाताची पोती, लाकडं, घरासाठी कौलं. पुढं सकुबाई, मागं धाऊ. गाठ तो मारायचा. ती पुढच्या टोकाला खांदा लावून “उचल” ऐकायची वाट बघायची. मग चालायची. पुढच्याला वाट दिसते, मागच्याला ओझं.

विहिरीवर पाड्यातली हौसा तिला टोचायची, “बाप्याच्या बरोबरीनं कशाला मरतेस गो?”

“बरोबरीनं म्हंजे बरोबरीनं. अर्धं त्याचं, अर्धं माझं. इचार त्याला.”

हौसानं एकदा खरंच विचारलं होतं. धाऊनं पिंक टाकली आणि मान डोलावली. “अर्धं-अर्धं.”

सकुबाईला आयुष्यात कोणी काही बक्षीस दिलं नव्हतं. हे तिचं होतं. सासरी आली तेव्हा काटकुळी होती, हिच्यानं काय होणार म्हणाले होते सगळे. आता ती सांगायची: अर्धं.

*

रस्त्याला पोचले तेव्हा जीप नव्हती. आली तेव्हा घाई उरली नव्हती.

हात सोडायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. हौसानं सोडला, सरणावर ठेवायच्या आधी.

*

मग ती विचारत सुटली.

“काय मांगत व्हता?”

“तंबाकू असंल,” हौसा म्हणाली.

“मिश्री मी लावते, तंबाकू त्याची. मला कळलं नसतं?”

“पोरीला बघायचं असंल.”

“पोरगी काय बांबूवर बसली व्हती?”

“वैनी, झटका आला की हात आपोआप हालतो,” गोजर म्हणाला. “त्याला काय अर्थ नसतो.”

“ओढत व्हता रे. तूच बोल्लास ना?”

पुढं पुढं लोक तिला बघून वाट बदलू लागले. ती जेवायला बसायची आणि घास हातात धरून थांबायची. “मांगत व्हता नि मी हात बांधला. सारके, मी बांधला गो.”

बा गेल्याचं कळून आलेली सारिका कॉलेजला परत गेली नाही. आईला एकटं सोडवेना. जवळ बसूनही काही करता येईना.

*

बांबू पडवीत टेकवून ठेवलेला होता. भरडायला भात न्यायचं म्हणून सारिकानं तो आडवा केला आणि तिच्या तळव्याला काही तरी लागलं. म्हणजे लागलं नाही. तिथं काहीच लागलं नाही. बाकीचा बांबू खरबरीत आणि एवढाच भाग गुळगुळीत, दोरीनं खाऊन खाऊन खोलगट झालेला.

मध्यावर नव्हता तो. जाड टोकाकडं होता. जाड टोक मागचं, बाचं.

भार मधोमध फक्त पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणात असतो. तो सरकला की आधारांवरचे आकडे बदलतात. भार ज्याच्या जवळ, त्याच्यावर जास्त.

ती तशीच गोजरकडं गेली.

“काका, झोळी कुठं बांधली होती?”

“मधी. काठीनं मापून. बाईमाणूस पुढं, तिच्यावर जास्ती नको यायला.” तो घाबरला. “का गो? चुकलं काय?”

“नाही काका. बरोबर बांधली.”

*

“आये, बा पाणी मागत नव्हता. तंबाखूही नाही.”

सकुबाईनं वर बघितलं.

“गाठ मागं घ्या म्हणत होता. गोजरकाकाकडं. गाठ मागं गेली की पुढच्यावर कमी येतं. तुझ्यावर.”

“कायतरीच. गाठ मधीच असते. जलमभर मधीच व्हती.”

सारिकानं तिचा हात धरून खोलगट जागेवर ठेवला. सकुबाईची बोटं तिथं फिरली. मग ती बांबूच्या एका टोकापासून त्या जागेपर्यंत विती टाकत गेली, दुसऱ्या टोकापासून पुन्हा. मध्येच थांबली.

“माझ्यावर किती यायचं?”

“थोडं कमी.”

“तुला शिकायला धाडलंय ना? नीट सांग.”

“तिसरा हिस्सा. दोन त्याच्यावर.”

शेजारच्या कोंबड्या पडवीत येऊन दाणे शोधत होत्या. सकुबाईनं त्यांना हाकललं नाही.

“अर्धं-अर्धं बोलायचा,” ती म्हणाली. “हौसाच्या तोंडावर. लबाड.”

सारिकाला कळेना, आपण आईला काही दिलं की तिच्याकडचं होतं तेही काढून घेतलं.

“पोतं आण,” सकुबाई म्हणाली.

तिनं पोत्याला दोरी लावली आणि दोरी बांबूच्या त्या जागेवर घेतली. ती आपोआप बसली, जशी रोज बसत असेल. सारिका जाड टोकाकडं गेली तर आईनं तिला कोपरानं बाजूला सारलं.

“तू पुढं. मला बघायचंय.”

“आये, तुला झेपणार नाही.”

“उचल.”

दोघींनी उचललं. मागून हुंकार आला, मग दातांवर दात घासल्याचा आवाज.

“चालू?”

“नाय. हुबी ऱ्हा.”

सारिका उभी राहिली. तिच्या खांद्यावर फार काही नव्हतं. मागं आईचा श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पोतं थोडं झुललं, कमी झुललं, थांबलं. दोरी सरळ झाली.

सारिकानं वळून पाहिलं नाही. वळलं असतं तर भार हलला असता.