एका गलबताला एक बुधला

हे कोणी मानणार नाही, आणि मानू नयेच. पण मागच्या हिवाळ्यात साऱ्या समुद्रातली गलबतं मी, निवृत्त सुभेदार हिंमतराव, दिल्लीच्या द्वारकेतल्या माझ्या बाल्कनीत बसून, पायांत लोकरीचे मोजे चढवून, बंदरात अडकवून ठेवली होती. एकालाही हलू दिलं नाही.

सोसायटीच्या बागेत बाकावर बसून मी हे जाहीर केलं, तेव्हा लतिकाताई मांडीवर परात घेऊन मटार सोलत होत्या आणि अशोकराव त्यांतले दाणे पळवत होते. दिल्लीत जानेवारीत ऊन पडलं की आम्ही तिघं त्या बाकावरून उठत नाही. अशोकराव मंत्रालयातून निवृत्त झालेले. लतिकाताई माझ्या खालच्या मजल्यावर राहतात.

"काल उंट होता," अशोकराव म्हणाले. "जैसलमेरचा. चहात साखर कमी पडली की थुंकणारा."

"उंटाचं सोडा. हे खरं आहे."

"अच्छा. म्हणजे उंट खोटा होता?"

"उंट पण खरा होता. पण हे जास्त खरं आहे."

डोक्यावरून एक विमान उतरत गेलं. आमच्याकडे विमान गेलं की बोलणारा थांबतो, ऐकणारा वर बघतो. ते गेल्यावर मी सुरू केलं.

माझी नात रेवती. तिचे आईवडील नोकरीसाठी सिंगापूरला गेले तेव्हा ती कॉलेजात होती, म्हणून माझ्याकडे राहिली. मग तिलाही टोरांटोला नोकरी लागली. आता घरात मी आणि गीझर. गीझर निदान गुरगुरतो तरी.

जाण्याआधी तिनं मला तिचा तो खेळ शिकवला. कॉम्प्युटरवरचा. जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात. खेळाचं नाव इंग्रजी आहे, माझ्या कवळीत बसत नाही, मी त्याला बंदर म्हणतो. प्रत्येकाचं एक माणूस असतं, ज्याची ऐपत असेल त्याचं गलबत. रेवती म्हणाली होती, "आजोबा, तुमची सकाळ म्हणजे माझी रात्र. रोज तिथेच भेटू, बिल्कुल." आणि भेटत होती हो. तिच्या गलबतावर मी बटाटे सोलायचो, ती सुकाणू धरायची, आणि आम्ही मिळून ऑफिसातल्या तिच्या साहेबाला शिव्या द्यायचो.

मग तिला तिकडे मित्र झाले. चांगलंच झालं. भेटणं रोजचं होतं ते आठवड्याचं झालं, मग नुसतं लांबून तिचं शीड दिसायचं. ती बंदरात यायची, सामान भरायची, जायची. फोनवर मी काही लिहिलं की उत्तराला एक पिवळा अंगठा.

नातीच्या पाठी लागणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं. मी फोन करून "ये ना बोलायला" म्हटलं असतं तर ती आली असती, पण ती दया झाली असती. मला एवढंच हवं होतं की तिनं आपणहून माझ्या दुकानाशी थांबावं आणि दोन शब्द बोलावेत.

"दुकान कधी टाकलंत?" लतिकाताईंनी विचारलं.

"सांगतो की."

या खेळातली गंमत अशी, की कंपनी काहीही विकत नाही. फळी, शीड, पाव, दोरखंड, सगळं खेळणारेच बनवतात आणि खेळणारेच विकत घेतात. भाव ठरवायला कोणी नाही. बंदरात एक मोठा फलक असतो. माल ठेवायचा, आकडा लिहायचा. दुसरा येतो, तोच माल एका कवडीनं कमी लावतो. तिसरा त्याच्याखाली आणखी एक कवडी. दुपारपर्यंत सगळे एकमेकांची मुंडी खाली दाबत बसलेले. आणि माल कुठे कमी पडला अशी कुणकुण लागली, की तीच माणसं रात्रीतून सज्जन होतात आणि आपापला माल लपवतात.

"हे आझादपूर मंडीतही चालतं," अशोकराव म्हणाले. "त्याला कॉम्प्युटर कशाला?"

"तिथे तोंड तरी दिसतं. या फलकावर कोण विकतोय, कोण घेतोय, कोणालाच कळत नाही. तिथेच तर माझं दुखणं होतं. मी डांबर करायचो. गलबताच्या तळाला फासायला लागतं, दर सफरीनंतर उडून जातं, पुन्हा फासायचं. रेवती डांबर घ्यायची, बहुतेक माझंच घ्यायची, आणि तिला पत्ताच नाही! मी केलेलं डांबर फासून ती माझ्यासमोरून जात होती."

लतिकाताईंचा हात परातीत थांबला. मग पुन्हा चालू लागला.

मी आयुष्यभर फौजेच्या पुरवठा खात्यात होतो. एक गोष्ट मला येते, ती म्हणजे गोदाम. मी ठरवलं की फलकावर डांबर दिसताच कामा नये. ज्याला हवं त्याला माझ्या दुकानी यावं लागलं पाहिजे. समक्ष.

रोज सकाळी चहा ठेवायचा आणि फलक साफ करायचा. जेवढं डांबर असेल तेवढं उचलायचं. डांबर होतं फक्त एका बेटावरच्या देवदारांपासून. तिथल्या लाकूडतोड्यांना मी आधीच बोली देऊन ठेवली, की तोडाल ते माझं. भाव चढला तसे बाकीचे शहाणे डांबर दाबून बसले, आणखी चढेल म्हणून. म्हणजे माझं काम फुकटात करू लागले. त्यात कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या महिन्यात वादळं वाढणार. झालं! ज्याला एक बुधला लागायचा तो चार मागू लागला. दुसऱ्या बंदरांतून डांबर भरून निघालेल्यांना वाटेत चाचे लुटू लागले. सोनं राहू दे, डांबर काढ, म्हणायचे.

"आणि गलबतं थांबली," अशोकराव म्हणाले.

"इतकी की डोलकाठ्यांमुळे पाणी दिसेना. बगळे एका काठीवरून दुसरीवर चालत जायचे."

"खेळात बगळे आहेत?"

"त्या आठवड्यात आले."

मग मी दुकान उघडलं. आणि इथे माझ्यातला फौजी जागा झाला. दुसरा कोणी असता तर दामदुप्पट लावून मोकळा झाला असता. मी पाटी लावली: भाव जुनाच. एका गलबताला एक बुधला. कप्तानानं स्वतः यायचं, दुसऱ्याला पाठवायचं नाही. रांग मोडणाऱ्याला दिवसभर माल नाही.

खेळात अशी पाटी कोणी पाहिली नव्हती. लोकांना वाटलं यात काहीतरी डाव आहे, म्हणून आणखी लोक आले. रांग दीपगृहापर्यंत गेली, तिथून वळून परत माझ्याच दुकानाशी आली, तेव्हा शेवटचा माणूस पहिल्याला विचारायचा, "भाऊ, पुढे किती जण?" ब्राझीलचा एक दंतवैद्य होता, रांगेत उभा राहून त्यानं माझ्या कवळीचा फोटो मागवला आणि खालचा दात घासून घ्या म्हणाला. कोरियाची एक टोळी माझ्या दारात आमरण उपोषणाला बसली, तर त्यांना कळलं की खेळात भूकच लागत नाही. मी सगळ्यांशी हिंदीतच बोलायचो. "लाइन में आओ, बेटा." जर्मन माणूससुद्धा लाइनीत आला.

अशोकराव इतके हसले की एक दाणा त्यांच्या घशात अडकला. लतिकाताईंनी त्यांच्या पाठीत जरा जास्तच जोरात गुद्दा घातला. "खा आणखी चोरून."

"आणि रेवती?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "रांग लांब होती ना."

रोज मी रांगेतली नावं वाचायचो. खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर नाव तरंगतं. चष्मा पुसायचो, परत वाचायचो. तिच्यासाठी एक बुधला मागे काढून ठेवला होता. फौजेत हे नियमात बसत नाही, पण प्रत्येक गोदामवाल्याचा एक कोपरा असतो. माल देताना माणसं दोन शब्द बोलायची. कोणी सांगायचा इकडे बर्फ पडतंय, कोणी सांगायची बाळ झोपत नाही. मी म्हणायचो ओवा द्या. गावभरची सुखदुःखं ऐकली. तिचं गलबत समोरच उभं होतं. शिडं गुंडाळलेली. तळाचं डांबर केव्हाच उडालेलं. कप्तान काही उतरली नाही.

"बिचारी कामात असेल," अशोकराव म्हणाले.

"कामातच असणार. तिकडे फार काम असतं."

पुन्हा एक विमान आलं. ते गेल्यावर मी पुढचं सांगितलं.

"एके दिवशी सकाळी फलक उघडला. डांबर बघायला गेलो होतो, तर गलबतांच्या रकान्यात तिचं नाव. विक्रीला. या खेळात गलबत विकलं की त्याच्यासोबत कप्तानही जातो. नाव, टोपी, सगळ्यासकट. घेणारा त्याच नावानं हिंडू शकतो. कोणालाही कळत नाही."

"अरेरे," अशोकराव म्हणाले. खरंच म्हणाले. "मग? कोणी घेतलं?"

आता या ठिकाणी मी तोंड भरून हसलो. दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. गोष्ट सांगणाऱ्याला ही जागा कळायला लागते.

"कोण घेतोय! मी त्याच दिवशी गोदामाची दारं सताड उघडली. म्हटलं, घेऊन जा रे पोरांनो, सगळं डांबर बाजारात सोडलं. पहिल्या तासाला हवा तो भाव मिळाला, संध्याकाळी डांबर मातीमोल. त्या दंतवैद्यानं तर घराच्या छपराला फासलं. आणि सगळी गलबतं एकदम सुटली. असा देखावा झाला, ताई, की काय सांगू! आणि त्या गर्दीतून रेवतीनं मला पाहिलं. आली ना दुकानाशी. म्हणाली, आजोबा, तुम्ही इथे? मला ठाऊकच नव्हतं! गलबत फलकावरून उतरवलं. आता रोज येते."

"रोज?" लतिकाताई म्हणाल्या.

"रोज सकाळी. मी चहा घेऊन बसलो की तिचं शीड दिसतं. एक बुधला घेते, पण जायची घाई नाही. काठावर बसतो आम्ही. माझ्या गुडघ्याची चौकशी करते."

"खूप छान झालं," अशोकराव म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. दाण्यामुळे असेल. "बघा ताई, मुलं विसरत नाहीत. आमचा कौस्तुभ पण तसा मनानं..."

लतिकाताईंनी परात खाली गवतावर ठेवली. सालं एका बाजूला केली, दाणे एका बाजूला.

"काय बोलते हो? आज काय म्हणाली?"

"आज?" मी म्हटलं. "आज म्हणाली, आजोबा, थंडी वाढलीय, तब्येतीची हेळसांड करू नका."

"हेळसांड म्हणाली?"

"म्हणजे काय! स्वच्छ."

"हिंमतराव, मंडळाच्या रविवारच्या वर्गात मीच तिला मराठी शिकवत होते. तिला हेळसांड सोडा, हयगयसुद्धा येत नव्हतं. 'काळजी घ्या'च्या पुढे ती कधी गेली नाही. आजोबा, हेल्थ इग्नोर नका ना करू यार, असं बोलते ती."

"शिकली असेल तिकडे."

"टोरांटोत?"

अशोकराव आमच्याकडे पाहत राहिले. हातातला दाणा तसाच धरून.

"अहो, मुलं मोठी होतात, शब्द येतात..." मी म्हटलं. "तिच्या आजीचा शब्द आहे तो. ऐकलेला असणार. घरात सारखा असायचा."

"आणि ज्या दिवशी तिचं गलबत फलकावर चढलं, त्याच दिवशी तुमचं अख्खं गोदाम विकलं गेलं. चांगल्या भावात."

"उदार झालो होतो."

"तुम्ही?"

मी उत्तर शोधत होतो. सुचत होती, दोन-तीन चांगली सुचत होती. एकात तर तो दंतवैद्यही येत होता. पण लतिकाताईंनी माझ्या मोज्यांवर पडलेलं मटाराचं साल उचललं, आणि पोराला समजावताना आवाज खाली आणतात तसा आणून म्हणाल्या,

"रेवतीनं गलबत विकलं, हिंमतराव. ते तुम्हीच घेतलंत. आणि आता रोज सकाळी दोन्हीकडून तुम्हीच बोलता."