स्वप्नालीच्या रक्तात काय नाही

कीर्तनाला बसलं की प्रमिलाबाईंना जगाचा विसर पडे. पण यंदाच्या सप्ताहात बुवांनी चाल धरली तरी त्यांचं ध्यान घरच्या फ्रिजपाशी. आपण इथं टाळ्या देत बसलोय, तिकडे सुनेनं सुई दिली असेल का?

नात स्वप्नाली नऊ वर्षांची, दिसायला चारची. वाढीच्या हार्मोनची सुई वर्षभर रोज संध्याकाळी चालू होती, आणि अंगणवाडीतला फ्रॉक पोरीला अजून बरोबर बसत होता. औषध जातंय आणि पोर वाढत नाही, म्हणजे औषध जातच नसणार. त्यात सून ममता दार लावून सुई देई. पोर लाजते, म्हणे. प्रमिलाबाईंनी औषधाची नळी उजेडात धरून पाहिली, डब्यातल्या वापरलेल्या सुया काडीनं हलवून पाहिल्या. मन काही स्वच्छ होईना.

ममता परकी नव्हती. सख्ख्या भावाची मुलगी, मुलगा कुंदनसाठी त्यांनीच मागून आणलेली; त्यांच्यात ती रीतच. म्हणून तर राग जास्त.

नंदुरबारच्या नव्या डॉक्टरांनी सुया महिनाभर बंद ठेवून रक्त मागितलं. प्रमिलाबाईंना वाटलं, हे रक्त सुनेची लबाडी पकडायलाच. पण सुई बंद का? आयतीच सुटली की ही. रक्त काढताना त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि नळीवर नाव चिकटेपर्यंत नजर हलवली नाही.

"तुन्ही लबाडी निंघनी ना," घरी येताना त्या म्हणाल्या, "तर पोरले मी शहादाले रूपाकडे लई जासू. मन्ही लेक नर्स शे. ती देई सुया."

"लई जा आत्या. आधी रक्तले बोलू द्या."

मुंबईहून निकाल आला त्या दिवशी तिघी डॉक्टरांसमोर बसल्या.

"हार्मोन भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "नेहमीपेक्षा कितीतरी जास्त."

"म्हंजे इनी गुपचूप डबल सुई दिधी."

"आजी, चोरून दिली असती तरी ती एकदोन दिवसांत उतरते. आणि हार्मोन इतका, तर त्याच्या इशाऱ्यावर बनणारं पुढचं द्रव्य वाढायला हवं. तेच कमी आहे. हा हार्मोन पोरीच्या अंगातच बनतोय. म्हणून मी आणखी एक मोजणी केली. पेशीवर या हार्मोनला धरणारं एक प्रथिन असतं. त्याचा तुकडा सुटून रक्तात फिरतो. स्वप्नालीच्या रक्तात तो जवळजवळ नाहीच. पेशीवर धरणारंच नाही, तर वरून कितीही सुया द्या."

प्रमिलाबाई विचारात पडल्या. "म्हंजे बुवा गाई ऱ्हायना, मांगे धृपद धरनारा कोणी नही."

"अगदी तसंच," डॉक्टर हसले. "दुसरं औषध आहे, पण आपल्याकडे सहज मिळत नाही. मी खटपट करतो. तोवर पोरीला उपाशी ठेवू नका, साखर उतरते. आता सांगा, आईवडील नात्यातले?"

"मामेबहीण-आतेभाऊ," ममता म्हणाली.

"हा दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. नात्यातल्या लग्नात तो बहुतेकदा एकाच घरातून येतो. घराण्यात आणखी कुणी असं लहान राहिलं होतं?"

"नही," ममता म्हणाली.

प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला. आपणही नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"व्हती," त्या म्हणाल्या. "मन्ही धाकली बहीण, तुळशी. पाळणामा मावे इतली ऱ्हायनी आनी गयी. पाहुणा उना की माय तिले आतमा बसाडे."

ममतानं वळून पाहिलं. "मन्हा बापले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"आनी तुम्ही मन्ह्या सुया तपासी ऱ्हायन्यात."

दवाखान्याबाहेर प्रमिलाबाईंनी मोबाइल काढला आणि रूपाला फोन लावायला त्या बाजूला सरकल्या.

"आठेच, मन्हासमोर बोला आत्या," ममता म्हणाली. पोरीला तिनं आपल्या पलीकडे घेतलं होतं. "स्पीकर लावा."

त्यांनी मुकाट्यानं स्पीकर लावला.

"माय, कधी येस पोर? खाट मांडेल शे," रूपाचा आवाज आला. "पकडायनी का वहिनी?"

"पोर येणार नही. तुन्ही वहिनीनी रोज सुई दिधी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दोष मन्हा माहेरना शे."

"काय?" रूपानं विचारलं. ममता म्हणाली, "आत्या, परत एकदाव सांगा. तिले नीट ऐकू नही उनं."

त्यांनी परत सांगितलं.