चौथ्या फेरीचा चौकोन

बॉक्सिंगवर लिहिणाऱ्याला लोक मान कधी देतात ते देव जाणे, पण कधी देत नाहीत ते त्या हॉलमधल्या कुणालाही विचारा. अकरा वर्षं बागकामाचं सदर चालवून आलेल्या माणसाला तर मुळीच देत नाहीत.

पेपरचा जुना बॉक्सिंगवाला गुडघे धरून निवृत्त झाला आणि संपादकांनी बागवाल्याकडे बोट दाखवलं. "लिहिता येतं ना? मग झालं तर!" झालं कुठलं, डोंबल! पहिल्याच रविवारी दुसऱ्या रांगेतल्या प्लंबरने त्याला नाव बहाल केलं: कुंडी. ते असं चिकटलं की दारावरचा माणूससुद्धा "या, कुंडी" म्हणून आत सोडू लागला.

त्या हॉलची एक जुनी रीत होती. शेवटची घंटा झाली की पंच बेरजा करत बसत, आणि तेवढ्या वेळात पेपरवाल्याने आपला गुणांचा कागद दाराजवळच्या फळ्यावर टाचायचा. निकाल पुकारण्याआधी, म्हणजे मागाहून शहाणपणा करायची सोय नाही. लोक बाहेर पडताना तो कागद वाचत आणि लिहिणाऱ्याची सालटी काढत.

कुंडीने काय काय केलं नाही! लेदरचं जॅकेट घेतलं, ते खांद्यात इतकं घट्ट की टाळी वाजवता येईना. जुन्या लढतींच्या तारखा पाठ केल्या. शेवटी, मार खाल्ल्याशिवाय ही मंडळी आपल्याला जवळ करायची नाहीत असं डोक्यात घेऊन बायकोच्या धाकट्या भावाला म्हणाला, "एक ठेवून दे मला." हा मेहुणा म्हणजे त्या हॉलचा लाडका. आठवडाभर टायर बदलायचा, रविवारी लोकांची थोबाडं. त्याने आढेवेढे घेतले आणि मग ठेवून दिली. नाकाचं वांगं झालं. प्लंबरने ते नीट निरखलं आणि विचारलं, "लढत नाकाने बघतोस का रे?"

आणि गंमत अशी, की ह्या सगळ्या फजितीत हा माणूस त्या खेळाच्या प्रेमात पडला होता. गुलाबावरच्या किडीबद्दल लिहिताना त्याची छाती कधी धडधडली नव्हती. इथे पहिल्या घंटेला धडधडायची. म्हणून संपादकांनी तक्रारींची पत्रं टेबलावर आपटून "ह्या रविवारी पुन्हा हसं झालं तर परत बागेत" असं सुनावलं, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

नेमकी त्याच रविवारी मेहुण्याची लढत. सहा फेऱ्या, आणि समोर डावखुरा पोस्टमन, खराखुरा, पत्रं वाटणारा. सकाळी बायकोने चहा पुढे ठेवला. "अहो, जे खरं तेच लिहा. फक्त माझी आई आज जेवायला आहे, एवढं लक्षात असू द्या."

पहिल्या तीन फेऱ्यांतल्या दोन त्याने पोस्टमनला दिल्या, एक मेहुण्याला. मग चौथी. मेहुणा दोरांना टेकलेला, बरोबर कुंडीच्या डोक्यावर. एक दणदणीत ठोसा बसला, आणि थुंकी, पाणी, रक्त असा सगळा ऐवज थेट चष्म्यावर. चष्म्याविना ह्याला स्वतःचा हात दिसत नाही. घाईघाईने बाही लावली, तर ती लेदरची. लेदर काय टिपतंय कपाळ! दोन्ही काचा बरबटल्या. हॉल उठून बोंबलतोय, आणि हा शर्टाचं टोक ओढून काचा घासतोय, तोवर घंटा झाली. दिसायला लागलं तेव्हा दोघेही आपापल्या स्टुलावर बसले होते.

शेजारचा दुसऱ्या पेपरचा वार्ताहर कानाशी लागला. "मेहुण्याची लाव. कोण विचारतंय? मी तरी निम्मी फेरी पेन शोधत होतो."

पाचवी पोस्टमनची, सहावी मेहुण्याची. शेवटची घंटा झाली आणि कागदावर चौथीचा चौकोन तेवढा रिकामा. मेहुण्याला द्यावी तर बरोबरी, घरात शांतता, आणि प्लंबर बोंबलणार की नात्याला जागला. पोस्टमनला द्यावी तर म्हणणार, बघा, साधूपणा मिरवतोय. रिंगच्या पायथ्याची ती खुर्ची कुंडीला हवी होती हो, अगदी थुंकीसकट. पण जे पाहिलंच नाही ते लिहायचं काय? त्याने चौकोनात लिहिलं, "दिसली नाही. चष्म्यावर थुंकी होती," आणि धीर सुटायच्या आत कागद टाचून आला.

पंचांनी मेहुण्याचा हात वर केला. हॉल नाचला, आणि मग फळ्यापुढे गर्दी झाली. प्लंबरने मोठ्याने वाचून दाखवलं. असा हशा पिकला की खिडक्या वाजल्या.

"दिसली नाही? अरे, तुला पहिल्या रांगेत बसवतात कशाला मग!"

आता मात्र कुंडीचं टाळकं सटकलं. "नाही दिसली! तुम्हाला दिसली ना? मग सांगा, तो मोठा ठोसा कुणाचा?"

"पोस्टमनचा," प्लंबर म्हणाला.

"हॅट! आपल्या पोराचा," मागून एकजण.

"डाव्या हाताचा होता."

"डावा कसला? उजवा! आणि तू माझ्यापुढे उभा होतास, मला तुझी पाठ दिसली नुसती!"

जुंपली. शेवटी सगळे हेडबाईंकडे वळले. निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तावीस वर्षं शाळेच्या वहीत प्रत्येक लढतीचे गुण लिहीत आल्या होत्या, आणि त्या वहीपुढे पंचांचंही कुणी ऐकत नसे. बाईंनी जरा नाखुशीनेच वही उघडली. चौथी: मेहुण्याला दहा, पोस्टमनला नऊ, म्हणजे फेरी मेहुण्याची.

"दहा कशाचे, बाई?" प्लंबरने विचारलं.

"आवाजाचे," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे उठलात. मला काय दिसणार? आणि असं आजवर कितीदा झालंय ते विचारू नका." त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं आणि तो दहा खोडला.

तेवढ्यात मेहुणा आला. एक डोळा मिटलेला, टॉवेलात बर्फ. लोकांनी वाट करून दिली. जिंकलेल्या मेहुण्याला भाऊजींनी कागदावर जिंकू दिलं नव्हतं, आता बघायला मजा. मेहुण्याने उघड्या डोळ्याने, बोट ठेवत ठेवत कागद वाचला.

"भाऊजी, चौथी तुम्हाला दिसलीच नाही?"

"नाही रे."

"मग झालं कल्याण. मला आठवतच नाहीये ती. तिसरी संपली आणि एकदम पाचवीची घंटा. मी तुम्हालाच विचारायला आलो होतो."

कुणी हसलं नाही. कुंडीने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि ओरडला, "डॉक्टरला बोलवा!" धावत गेला तो प्लंबर.

डॉक्टर मेहुण्याच्या डोळ्यात बॅटरी मारून बघत होते. प्लंबर परत फळ्यापुढे जाऊन उभा राहिला, मग कुंडीपाशी आला.

"पाचवी पोस्टमनला का दिलीस? तेव्हा काय पाहिलंस?"

"पाय," कुंडी म्हणाला. "आमच्या मेहुण्याचे ठोसे चालू होते, पण डावा पाय ओढत होता तो. आणि कोपऱ्यात जाताना..."

मागे कुणीतरी पुन्हा डावा की उजवा सुरू केलं. प्लंबर गर्रकन वळला.

"गप्प बसा रे! ऐकू द्या जरा."