माझ्या मानेवरचा काळा दोरा

मी मासे फसवायची एक खोटी अळी बोलतेय. व्लतावा नदीच्या तळाशी दोन शेवाळलेल्या दगडांत अडकले आहे. गप्प राहिलं की भीती वाढते, म्हणून बोलते.

माझा जन्म ओटाकारच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. एका हाताशी खसखशीचा पाव, दुसऱ्या हाताशी सशाची लव. त्याने गळावर शिशाची तार गुंडाळली, वर लव चढवली आणि तांब्याच्या तारेने पोटाला वळ्या पाडल्या. ट्राउट माशाने फसावं असं रूप दिलं. शेवटी मानेला दोरा. इथल्या मासेमारांची रीतच आहे, शिसं भरलेल्या जड अळीला लाल दोरा आणि हलकीला काळा. लव चढली की आतलं शिसं दिसत नाही, सगळी मदार दोऱ्यावर.

त्याने मला काळा बांधला.

मी हादरले. पण ओरडणार कशी? त्याची मुलगी ब्लांका शेजारीच सूप ढवळत होती.

"बाबा, दिवा लावू?"

"चाळीस वर्षं बांधतोय. डोळे मिटूनही बांधेन."

"मिटूनच तर बांधताय."

तो हसला. मला काही हसू आलं नाही. त्याच्या डबीत हलक्या अळ्यांच्या रांगेत मी पडून राहिले, आणि डबीचं झाकण उघडलं की अंग चोरायचे.

एका सकाळी पाळी आलीच. मासे सध्या काय खातात ते बघायला नदीतला दगड उलटून त्याने खालच्या खऱ्या अळ्या अगदी डोळ्याला लावून पाहिल्या. पाणी उथळ, म्हणजे हलकी अळी हवी. त्याने मला उचललं. मी पडले ती थेट तळाला, आणि घरंगळत डोहाच्या तोंडाशी दोन दगडांत रुतले.

हाताने बांधलेली अळी सोडून देणं ओटाकारला कमीपणाचं वाटतं. गळाची दोरी गुंडाळत तो माझ्याकडे निघाला. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला. वरच्या धरणाचं पाणी सुटायची वेळ झाली होती. माझ्या अंगाखालची वाळू सरकू लागली. त्याचा पाय घसरला, सावरला, पुन्हा घसरला. तरी दोरी ताणत तो पुढेच येत होता. 'तोड रे, तोड मला,' मी मनात किंचाळत होते.

"बाबा, दोरी तोडा आधी!" काठावरून ब्लांकाचा आवाज आला. "पाणी चढतंय."

"हलकीच आहे गं, सुटेल."

"हलकी आहे तर तळाला कशी गेली?"

तो थांबला. पाणी छातीला लागलं होतं.

"ब्लांका," तो म्हणाला, "लाल आणि काळा मला आता सारखाच दिसतो."

"माहीत आहे मला. या परत."

त्याने हिसका दिला आणि तटकन दोरी तुटली.

त्याला आता बरेच दिवस झाले. माझा गळ गंजलाय. वाळूवर पाऊल वाजलं की धस्स होतं, वाटतं तोच मला शोधायला आला. काल खरंच आला. पण त्याच्या शेजारी दुसरी दोन पावलं होती, ब्लांकाची, त्याला धरून चालणारी. डोक्यावरून एक अळी तरंगत गेली. लव ओबडधोबड, बांधणारा हात नवा. मानेला मात्र पिवळाधमक दोरा, आंधळ्यालाही दिसावा असा.

जा बाई, वरच्या वर जा. तळाशी येऊ नकोस, आणि त्यालाही येऊ देऊ नकोस.