टोपीतले तीन थेंब

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे. दिसायला जाडजूड पेनासारखा, पण माझ्या टोकाला निबाऐवजी काचेचा इवलासा फुगा आहे. पाण्यात बुडवलं की ते किती आम्ल आणि किती अल्क, हे मी आकड्यात सांगतो. सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्क. आयुष्यभर मी खरं बोललो. एकदाच काही दिवस खोटं बोललो, आणि तेही मला ठाऊक असताना. ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळं करतो.

कारखान्यात माझी काच तयार झाली, तेव्हा एका बाईंनी मला उजेडात धरून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "याला कोरडा पडू देऊ नका हं, नाहीतर भ्रमिष्टासारखा बोलायला लागेल." तेव्हा मला हसू आलं होतं.

पुढे कापड रंगवण्याच्या एका कारखान्यातले तपासनीस निवृत्त झाले. सोबत्यांनी निरोपाची भेट म्हणून मला त्यांच्या हाती दिलं. घरी त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून माझेही ते बाबाच. त्यांनी गच्चीवर भाजी लावली होती. रासायनिक खत नाही, बाटलीतलं आम्ल नाही. काही रोपं मातीच्या पिंपांत, काही नारळाच्या भुश्याच्या पिशव्यांत आणि काही नुसत्या पाण्याच्या खोक्यात, गांडूळखताच्या अर्कावर. नळाचं पाणी अल्क होतं, म्हणून बाबा त्यात लिंबू पिळत. पाण्यातल्या रोपांना ५.८, भुश्यातल्यांना ६ आणि मातीला साडेसहाच्या आसपास. "माती समजूतदार असते," ते म्हणत, "थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेते. पाण्याला मात्र कुणाचा आधार नाही." लिंबाचा गुण एका दिवसात उतरतो, म्हणून हे रोज करावं लागे.

त्यांचा एक नेम होता. सकाळी आधी मला सातच्या आणि चारच्या कुपीत, म्हणजे ज्यांचा आकडा पक्का ठाऊक आहे अशा द्रवांत बुडवायचं, माझे आकडे जुळतात का पाहायचं. मग रोपांचं पाणी मोजायचं. शेवटी माझ्या टोपीत खारट द्रवाचे तीन थेंब टाकून ती घट्ट लावायची. तोवर चहाचा घोटही नाही.

शेजारची नर्सरीवाली मावशी कठड्यापलीकडून ओरडायची, "नवरदेवाचा तरी एवढा लाड होतो का हो?"

"नवरदेव खोटं बोलला तर घर सावरून घेतं," बाबा म्हणायचे, "हा बोलला तर रोपं जातील."

किती सुख होतं त्या दिवसांत!

मग ते वर्ष आलं. बाबांच्या पत्नीनं जपलेला एक पिवळा, चपटा टोमॅटो होता. त्या गेल्यावर बाबा दरवर्षी त्याचं बी धरत. तसा टोमॅटो आणखी कुणाकडेच नव्हता. पण बरणीत ओल शिरली, बुरशी आली आणि अकराच बिया वाचल्या. बाबांनी त्या लावल्या आणि अकराच्या अकरा उगवल्या. चार रोपं मातीत, चार भुश्यात, तीन पाण्यात. आणि पुढच्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

लेकीनं, म्हणजे आमच्या ताईनं, त्यांची खाट गच्चीवरच्या खोलीत खिडकीपाशी लावली. ताई शिवणकाम करते. तिनं मला हातात घेतलं, टोपी उघडली, तर आत मिठाचा पांढरा थर. "अगंबाई, किती साचलंय हे! बाबांची वस्तू, लख्ख नको का?" तिनं टोपी धुतली, मला पुसून कोरडं केलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि शिलाई मशीनच्या खणात रिळांशेजारी ठेवलं. मायेनंच केलं हो सगळं. पण माझी काच त्या मायेत सुकत गेली.

तीन आठवडे तिनं बाबांच्या वहीतल्या नोंदींवरून अंदाजानं लिंबू पिळलं, आणि रोपं छान होती. मग तिला वाटलं, आता नीट मोजूनच घालावं. मला पाण्यात बुडवलं. अंदाजानं लिंबू पिळलेलं ते पाणी अगदी सहा होतं. माझ्या तोंडून निघालं, ७.६.

मला कळत होतं. ओरडावंसं वाटत होतं. पण मला आकड्यांपलीकडे भाषा कुठे आहे?

ताईनं लिंबू पिळलं, मग आणखी एक. मी ५.८ म्हणेपर्यंत ती थांबली नाही, आणि तोवर पाणी सव्वाचारवर गेलं होतं. असं रोज.

खिडकीतून बाबा बघत होते. मला पुसून, कोरडा गुंडाळून ठेवताना त्यांनी पाहिलं. त्यांनी डावा हात उचलला, चिमूट करून खाली सोडली आणि तीन बोटं दाखवली.

"पाणी हवंय, बाबा? तीन चमचे?" ताईनं पाजलं. त्यांनी पुन्हा तीन बोटं दाखवली. तिनं पुन्हा पाजलं. एके दिवशी त्यांनी चमचा ढकलून दिला, पाणी अंथरुणावर सांडलं.

"रागावू नका ना. लिंबू रोज घालतेय मी, मोजून घालतेय!"

हे ऐकून ते कण्हले. घरात आम्ही दोघं मुके, दोघांनाही ठाऊक, आणि ती बिचारी धावून धावून थकलेली.

पाण्यातल्या रोपांची मुळं तपकिरी पडली. तिन्ही गेली. भुश्यातल्यांची पानं पिवळी झाली, आणि एकेक करून ती चारही गेली. मातीतली दोन कोलमडली. तेव्हा ताईनं मावशीला हाक मारली.

मावशीनं खोक्यात नाक घातलं. "हे रोपांचं पाणी की सरबत गं? याला तपासलंस का?"

"कुणाला?"

"या तुमच्या नवरदेवाला!" तिनं मला सातच्या कुपीत बुडवलं. मी ८.६ म्हणालो. मावशीचा आवाज एकदम उतरला. "पोरी, याची टोपी कोरडी ठक्क आहे. तीन थेंब घालायचे विसरलीस?"

ताई खिडकीकडे वळली. बाबांचा हात वरच होता. चिमूट, आणि तीन बोटं.

"टोपीत? बाबा, टोपीत तीन थेंब?"

बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. ताई खाली फरशीवर बसली. "आणि मी तुम्हाला पाणी पाजत बसले..."

मला रात्रभर खारट द्रवात ठेवलं. आता मी बरा आहे, पूर्वीसारखा नाही. आकडा स्थिरावायला वेळ लागतो. मातीतली दोन रोपं उरली आहेत, एकाला कळी आली आहे. फळ धरेल का, ते पिकेपर्यंत बाबा असतील का, हे माझ्या आकड्यांत येत नाही.

मित्रांनो, ज्याच्या शब्दावर तुम्ही विसंबता, त्याची आधी विचारपूस करा. नुसतं पुसून नीट ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे, त्याला काय लागतं ते विचारा. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्या हाताकडे जरा जास्त वेळ पाहा.

आता नेम ताईनं घेतला आहे. सकाळी ती मला खाटेपाशी आणते, दोन्ही कुप्यांत बुडवून आकडे बाबांना दाखवते. मग टोपीत थेंब टाकते, मोठ्यानं मोजत. बाबा तीन बोटं वर करतात. त्यानंतरच चहाचं आधण चढतं.